चिठ्ठीतली शेवटची ओळ

सामंतकाका गेल्याची बातमी आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आली. बघता बघता खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मला मात्र हात जोडवेनात. मागच्या हिवाळ्यात याच ग्रुपवर मी जे टाकलं होतं, ते वर कुठेतरी अजून असणार, एवढंच डोक्यात येत राहिलं... काका जाऊन आता सहा आठवडे झाले.

काका हवामान खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी हिमाचलात काढली. रोज सकाळी बर्फात पट्टी खोचून किती पडला ते मोजायचं आणि पुढे किती पडेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. अशा माणसाने म्हातारपणी ठाण्यात यावं, जिथे बर्फ बघायचा तर गोळेवाल्याची गाडी गाठावी लागते! पण खोड गेली नाही. जिन्याखालच्या फळ्यावर ते रोज खडूने ठाण्याचं हवामान लिहायचे. अंदाज वाईट असला की खाली तीन शब्द जास्त असायचे... ‘चुकलो तर आनंदच.’ आम्ही जातायेता त्यावर हसायचो.

माझा धंदा सहली काढण्याचा. आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘बर्फ मिळेल ना?’ त्या हिवाळ्यात हिमाचलची बस अर्धी रिकामी होती, म्हणून मी काकांना गाठलं. दोन दिवस त्यांनी कॉम्प्युटरवर नकाशे पाहिले, मग मला बोलावून हातात चिठ्ठी दिली.

“महेश, हे नीट वाच. पश्चिमेकडून मोठं वादळ येतंय. घाटात अडकाल.”

“नक्की का, काका?”

“नक्की असं काही नसतं रे. दाट शक्यता आहे.”

शक्यता! तो शब्द ऐकून मला हायसं वाटलं, हे आज लिहायलाही लाज वाटते. चिठ्ठीत तीन ओळी होत्या. त्यातल्या वरच्या दोन ओळींचा मी फोटो काढला, तिसरी अंगठ्याखाली दाबली, आणि ग्रुपवर टाकलं, ‘आपल्या सामंतकाकांची गॅरंटी! बर्फच बर्फ!’ काका त्या ग्रुपवर नव्हते. त्याला ते बाजार म्हणत. संध्याकाळपर्यंत बस भरली.

बस घाटात दीड दिवस अडकली. सगळे जिवंत परतले, पण दुसऱ्या मजल्यावरच्या पेडणेकरमावशींच्या पायाची दोन बोटं थंडीने गेली. काका त्यांना बघायला गेले तेव्हा मी तिथेच होतो, मोसंबी घेऊन. मावशी त्यांना म्हणाल्या, “तुमच्या भरवशावर गेलो हो आम्ही.” काकांना काही कळेना. मावशींच्या सुनेने मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “निसर्गापुढे कुणाचं काय चालतं, मावशी?”

जिना उतरताना काका एवढंच म्हणाले, “वाक्य पुरं टाकायचं होतंस रे.” त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फळा कोरा राहिला. वय झालं, असं सगळे म्हणाले. मीही मान हलवली.

काका गेले त्या आठवड्यात सेक्रेटरी म्हणाले, “महेश, फळ्यावर काकांसाठी चार ओळी लिही. तुला जमतं ते, जाहिराती करतोस ना.” फळ्याच्या कडेला काकांचा अर्धा खडू तसाच होता. धूळ पुसली आणि पाकिटातली चिठ्ठी काढून जशीच्या तशी उतरवली...

‘बुधवार ते शुक्रवार जोरदार बर्फवृष्टीची दाट शक्यता.
दोन ते तीन फूट बर्फ साचू शकेल.
रस्ते बंद होतील, सहल रद्द करावी. चुकलो तर आनंदच.’

त्याखाली लिहिलं, ‘ही चिठ्ठी काकांनी मला दिली होती. शेवटची ओळ मी लपवली. महेश.’

पेडणेकरमावशी काठी टेकत खाली आल्या. फळ्यासमोर थांबून त्यांनी ते दोनदा वाचलं. आता शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही रे मी,” त्या म्हणाल्या. “ते समोर आले की मी दार लावून घ्यायचे.”