सगळे सारखेच लागतात

माझा धाकटा भाऊ मठ्ठ आहे यावर आमच्या घरात एकमत होतं, आणि ते मत तयार करण्यात माझा वाटा मोठा होता. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. हा दुसऱ्या वर्षाला तिसऱ्यांदा बसला, आणि निकाल लागायच्या आत कुणाला न सांगता एका गॅरेजात कामाला लागला. वडील वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. मी बोलले, पण जे बोलले ते न बोलते तर बरं झालं असतं.

पुढे त्याचं स्वतःचं गॅरेज झालं. लाँड्रीला लागून, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढं. भिंतीवर प्रत्येक पान्याभोवती पांढऱ्या रंगाची रेघ काढलेली, म्हणजे पाना जागेवर नसला की भिंत बोंब मारते. तिथे लोक त्याला वैद्य म्हणू लागले. हळूहळू मीही म्हणू लागले, आणि त्याच्या बायकोनेही अर्धवट चेष्टेत तेच धरलं. कारण तो इंजिनाची नाडी बघायचा.

गाडी मिसिंग मारते म्हणजे काय, हे मला त्यानेच सांगितलं. पदार्थविज्ञानाच्या बाईला दुसऱ्या वर्षाच्या नापासाने शिकवलं! "अक्का, सहा जण मिळून कपाट उचलतात असं समज. त्यातला एक नुसता हात लावून चालतो. कपाट हलतं, पण हिसके बसतात. ते हिसके म्हणजे मिसिंग." आळशी कोण ते शोधायची त्याची रीत साधी होती. इंजिन थंड असताना चालू करायचं आणि सिलिंडरमधून धूर बाहेर नेणारे सहा पाइप अर्ध्या मिनिटाने एकेक करून बोटाच्या टोकाने टिपायचे. पाच चटका देतात. सहावा कोमट लागला की तोच आळशी. एक सिलिंडर थंड म्हणजे रोग त्या एका घरात. सगळे सारखेच गरम आणि तरी हिसके, तर रोग सगळ्यांच्या सामाईक गोष्टीत आहे, पेट्रोलमध्ये किंवा ठिणगी वाटणाऱ्या भागात. या एका चाचणीवर त्याचं पुढचं सगळं काम ठरायचं. मीटर, गेज त्याच्याकडे होते, खोक्यात होते. "वैद्याला थर्मामीटर लागत नाही," असं तो म्हणायचा. पस्तीस वर्षं ते खरंही होतं.

मग ती हिरवी गाडी आली. दोन माणसांची, लांब नाकाची, जुनी स्पोर्ट्स कार. मालकीण दातांची डॉक्टर. गाडी तिच्या वडिलांची, त्यांच्यामागे हिने सांभाळलेली. साध्या सर्व्हिसिंगला आली, आठवड्याने परत आली, आणि परत आली ती हिसके देत आली.

त्याने पाइप टिपले. "सगळे सारखेच लागतात," म्हणाला. म्हणजे रोग सामाईक. त्याने कार्बोरेटर खोलला, धुतला, लावला. हिसके होते. ठिणगी पाडणारी कॉइल बदलली. वायरी बदलल्या. सहाही प्लग नवे घातले. पेट्रोलची टाकी उतरवून साफ केली. वरचे टॅपेट दोनदा पुन्हा जुळवले. हिसके होतेच. पाच आठवडे गेले.

त्या पाच आठवड्यांत भावजयीचा मला फोन आला. ती शाळेत कारकून आहे, आणि तिला रडगाणं गायला वेळ नसतो.

"वन्सं, तुम्ही रिकाम्याच आहात ना?"

"मी रिकामी आहे असं तुला कुणी सांगितलं?"

"बरं, नसाल. पण दहा ते एक गॅरेजात जाऊन बसा. हे घरी बोलत नाहीत. जेवता का म्हटलं तर जेवतात, झोपा म्हटलं तर झोपतात. काल म्हणाले, ही गाडी सुटली नाही तर मी शटर कायमचं खाली ओढणार. मी म्हटलं, आणि मग? तर म्हणाले, मग काही नाही. 'काही नाही' असं म्हणतात, वन्सं, जसं भाजी संपली म्हणून सांगावं."

मी गेले. खुर्ची, पुस्तक आणि चष्मा घेऊन गेले. तो मला बघून "ये" म्हणाला, आणि तीन दिवस त्याहून जास्त फारसं काही म्हणाला नाही. मी सांत्वन करणाऱ्यांतली नाही. मला ते जमत नाही आणि आवडतही नाही. मी वाचत बसले. लाँड्रीतली वाफ दाराखालून आत येई, आणि हिरव्या गाडीच्या काचेवर धुकं धरून पुन्हा जाई. अकरा वाजता कोपऱ्यावरून चहा येई. मी पेला रुमालात धरत असे. तो सरळ मुठीत धरून पीत असे. कष्टाचे हात, असं माझ्या मनात आलं. पुढे विचार केला नाही. विचार करायचा पगार चाळीस वर्षं घेतला होता, तरी केला नाही.

चौथा दिवस गुरुवार होता. डॉक्टरीण शनिवारी गाडी दुसरीकडे हलवणार होती. तसं ती अगदी सभ्यपणे सांगून गेली होती. त्याने इंजिन चालू केलं, घड्याळ बघितलं, वाकून पुन्हा पहिल्यापासून पाइप टिपू लागला. एक, दोन, तीन. मी पुस्तकावरून बघत होते. टिपणं कसलं, त्याने बोट ठेवलं होतं. ठेवून विचार करत होता. मला आधी वास आला. इस्त्री विसरल्यावर लाँड्रीतून येतो तसा वाटला, पण तो लाँड्रीतून येत नव्हता.

"हात काढ!"

त्याने माझ्याकडे बघितलं. हात तिथेच होता. मी उठून त्याचं मनगट ओढलं. बोटाच्या टोकाला पांढरा, बटणाएवढा डाग उठला होता. शेजारच्या बोटांवर असेच जुने डाग होते, पिवळे पडलेले. ग्रीसमध्ये कुणाला दिसणार?

"सगळे सारखेच लागतात," तो म्हणाला.

मी पुस्तक बॉनेटवर ठेवलं आणि स्वतः पाइप टिपले. पहिला, चटका. दुसरा, तिसरा, चटका. चौथ्यावर माझं बोट राहिलं. आंघोळीच्या पाण्याइतका कोमट. पाचवा आणि सहावा, पुन्हा चटका.

"वैद्या, चौथा थंड आहे."

त्याने इंजिन बंद केलं. मी पिशवीतली सेफ्टी पिन काढली, त्याचा उजवा हात घेतला आणि तर्जनीत टोचली. जरा जास्तच टोचली. रक्ताचा थेंब आला. तो त्या थेंबाकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिला.

"कधीपासून?"

"पावणेदोन वर्षं असतील. आधी पाय. मग हात."

"साखर तपासलीस?"

"तपासली होती. जास्त आहे."

"बायकोला सांगितलंस?"

"काय सांगू? काही होतच नाही. दुखलं तर सांगतो माणूस."

मला राग आला होता, आणि तो कुठे टाकावा ते कळत नव्हतं. पाच आठवडे! ज्याच्या नोकरीची मी कॉलेजातल्या पोरांसमोर खिल्ली उडवली होती तो माणूस आता माझ्यासमोर नापास होत होता, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. त्यालाही काही वाटत नसावं. आम्ही दोघं भावंडं एका कोमट पाइपाकडे बघत उभे होतो.

"चौथ्याचा प्लग नवा आहे, वायर नवी आहे," तो म्हणाला. आवाजात काही फरक नव्हता. "मग उरतो टॅपेट."

सिलिंडरची झडप दाबून उघडतो तो टॅपेट. टॅपेट आणि झडप यांच्यात कागदाएवढी फट ठेवायची असते. ती मोजायला पोलादाची पातळ पट्टी त्या फटीतून ओढतात. पट्टी अडकली तर फट कमी, घसरली तर जास्त. ती किंचित धरून सुटली पाहिजे. हे 'किंचित' डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटांना कळतं. आणि त्याने सर्व्हिसिंगला टॅपेट जुळवले होते, नंतर दोनदा पुन्हा जुळवले होते. त्याच बोटांनी.

"इंजिन पूर्ण थंड होऊ दे," तो म्हणाला. "उद्या दहाला ये. पट्टी तू धर."

शुक्रवारी मी बाह्या वर केल्या. त्याने झाकण काढलं, चाक फिरवून चौथा सिलिंडर बरोबर जागी आणला आणि पट्टी माझ्या हातात दिली.

"घाल."

"जात नाही."

"जोर नको लावू. कडेने घाल."

"अरे, जातच नाही. फटच नाही तिथे."

तो वाकून त्या जागेकडे बघू लागला. मग म्हणाला, "म्हणजे मी आवळलाय. झडप पुरती मिटतच नव्हती. अजून काही दिवस चालली असती तर जळली असती." मग पान्याने नट सैल केला, स्क्रू जरासा फिरवला. "आता?"

"जाते."

"धरते का?"

"धरते म्हणजे काय रे? मी वैद्य आहे का?"

"परीक्षेत पोराने उत्तरपत्रिका द्यायची नाही म्हणून शेवटच्या क्षणी पकडून ठेवलेली असते बघ. तू ओढतेस, तो सोडतो. तेवढं."

"जरा जास्त पकडलंय पोराने."

त्याने स्क्रू केसभर फिरवला. "आता?"

"सोडलं."

बाराही टॅपेट आम्ही असे केले. आणखी दोन चुकीचे निघाले. साडेअकराला त्याने चावी फिरवली. मी पाइप टिपले आणि मोठ्याने सांगत गेले, चटका, चटका, चटका, चटका, चटका, चटका. हिसके गेले होते. तो कान देऊन ऐकत होता. कान शाबूत आहेत त्याचे. मला वाटलं, आता तरी हसेल. त्याने चावी काढून खिळ्याला लावली.

शनिवारी डॉक्टरीण आली. तिला त्याने जसं होतं तसं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. "दोष गाडीचा नव्हता, माझा होता, माझी बोटं बधिर आहेत."

तिने त्याच्या बोटांकडे बघितलं. "मी रोज दहा माणसं बधिर करते," म्हणाली. "दोन तासांत उतरतं. तुमचं?"

"उतरणार नाही म्हणतात."

"मग काम?"

"माझ्याकडे पावणेदोन वर्षांत आलेल्या गाड्या आहेत. त्या परत बघायच्या आहेत. मग बघू."

त्याने यादी काढली. टॅपेट, ब्रेक, चाकं, जिथे जिथे बोटांनी अंदाज घेतला होता त्या चौदा गाड्या. सगळ्यांना फोन केले आणि कारणासकट बोलावलं. मी म्हटलं, "कारण कशाला सांगतोस?" तर म्हणाला, "नाहीतर येणार नाहीत." तीन आठवडे मी त्याची बोटं झाले. तो सांगायचा कुठे, मी सांगायचे काय लागतं. खोक्यातले गेज बाहेर आले. पहिल्या तेरा गाड्यांत दोन टॅपेट सोडून काही निघालं नाही. शटरचं नाव त्याने काढलं नव्हतं. मी मनात ठरवून टाकलं होतं की गॅरेज वाचलं.

चौदावी गाडी घरची. भावजय ज्या छोट्या गाडीतून रोज शाळेत जाते ती. घरची म्हणून शेवटी ठेवलेली. ती शनिवारी शाळा सुटल्यावर घेऊन आली, आणि डबा हातात घेऊन उभी राहिली.

"लवकर आटपा. वन्सं, तुम्ही शिकलात की आता, यांना घरी बसवा आणि पाटी बदला."

"पाटीवर काय लिहू? वैदू?"

ती हसली. त्याने मला डावं पुढचं चाक दाखवलं, सव्वा वर्षापूर्वी टायर बदलून त्यानेच बसवलेलं. पाना आणायला तो भिंतीकडे वळला, तेवढ्यात मी चाकाचा एक नट चिमटीत धरून बघितला. तो फिरला. माझ्या म्हाताऱ्या, पान्याशिवायच्या बोटांनी फिरला. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरावं तसा.

मी चटकन हात काढून घेतला. पण तो मागे वळला होता, आणि त्याने बघितलं.

"अय्या," भावजय म्हणाली. "म्हणजे मी सव्वा वर्ष नशिबावर फिरत होते?"

कुणी हसलं नाही. त्याने पाच नट पान्याने घट्ट केले. प्रत्येकावर गेज लावून आकडा मला वाचायला लावला, मग दुसऱ्या चाकाकडे गेला, तिसऱ्या, चौथ्या. सगळं झाल्यावर पाना धुतला, पुसला, पांढऱ्या रेघेच्या आत टांगला. तिची गाडी बाहेर काढली. मग शटर खाली ओढलं आणि किल्ली तिच्या डब्यावर ठेवली.

मी "नको" म्हटलं नाही. ते म्हणण्यासारखं नव्हतं. तो बरोबर होता, आणि बरोबर असल्याचा त्याला काडीचाही आनंद नव्हता.

सोमवारी सवयीने मी दहाला तिथे पोचले. शटर बंद होतं. तो बाहेर लाँड्रीवाल्याच्या बाकावर बसला होता, हात मांडीवर उताणे, कुणीतरी ठेवायला दिल्यासारखे. मी शेजारी बसले. चहा आला. मी त्याचा पेला काढून घेतला, रुमालात गुंडाळला आणि परत दिला. रस्त्यावरून एक पांढरी गाडी हळू जात होती, सिग्नलपाशी थांबायच्या बेतात. दिसायला धडधाकट.

"हीपण मिसिंग मारतेय," तो गाडीकडे न बघता म्हणाला.

"मग?"

"मग काय. जाऊ दे."

मी चहा खाली ठेवला आणि रस्त्यात जाऊन हात आडवा केला.