वादकांच्या मागचं दार

मांडवीच्या जेटीवर ते रोज संध्याकाळी एकटेच बसलेले असत. कानात इयरफोन, नजर समुद्रावर आणि उजवा हात गुडघ्यापासून वीतभर वर हलत असलेला. मधूनच डावा तळवा पुढे येई, कुणाला तरी जरा थांब म्हणावं तसा.

एकदा न राहवून मी विचारलं, हे हात कशासाठी हलवता. पूर्वी ते परदेशी प्रवासी बोटीवर वाढपी होते.

"जेवणाच्या हॉलात बँड असायचा. वाजवणारे तीस आणि त्यांना खुणा करणारा काठीवाला एक," ते म्हणाले. "लोकांना त्याची पाठ दिसायची. आमचं वाढप्यांचं दार वादकांच्या मागे, म्हणून मला त्याचं तोंड दिसायचं. तो ज्याच्याकडे बघेल त्याची वाजवायची पाळी. एकदा चुकून माझ्याकडे बघितलंन. मी हातातला ट्रे खाली ठेवला."

"मग?"

"मग काय, सूप थंड झालं."

घरी कोण असतं, असं मी विचारलं.

"मुलगा मुंबईस. रविवारी बघतो फोनवर."

पुन्हा इयरफोन लावून त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि हात किंचित उचलला.

माझ्याकडेही बऱ्याच दिवसांत कुणी असं पाहिलं नव्हतं. खांद्यावरची पिशवी मी कधी खाली ठेवली, ते मला कळलंच नाही.