आंधळ्या घोड्यासाठी रडलेली मंगल

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पलीकडून तिचा नवरा भानुदास एवढंच म्हणाला, "ताई, गेली हो..." आजार पोटातला, फार उशिरा कळलेला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिला ठेवलं तेव्हाच आम्हा सगळ्यांना काय ते समजलं होतं. तरी हातातली जुडी कुठे ठेवावी, हे मला सुचेना.

आम्ही दोघी घाटनांदूरजवळच्या एकाच वस्तीवरच्या. त्यांच्या शेळ्या-मेंढ्या, आमची थोडी शेती. सातवीत असताना शाळेच्या कपाटात आम्हाला एक अद्भुत कादंबरी सापडली. सूर्य चोरीला गेलेलं राज्य, तो शोधायला निघालेली अर्कमती नावाची एक मुलगी, आणि तिला पाठीवर घेऊन अंधारातून वाट काढणारा एक आंधळा घोडा. पाच भागांची कादंबरी, पण शाळेत चारच भाग होते. मंगल शेळ्यांमागे फिरताना मला मोठ्याने वाचून दाखवायची. मी गोष्ट ऐकत होते. ती मात्र तिथे राहायलाच गेली होती. भर उन्हात बांधावर बसून म्हणायची, "सुमे, लई थंडी वाजायली गं." आणि तिच्या हातावर खरोखर काटा आलेला असायचा.

चौथ्या भागाच्या शेवटी तो घोडा नदीत बुडतो. मंगलने पुस्तक मिटलं आणि अशी रडली की मला भीतीच वाटली. घरी गेली ती जेवेना, बोलेना. तिची आई विचारून थकली, "आगं, कोण मेलं बाई?" शेवटी मीच सांगितलं. वस्तीभर हसू झालं. आई तेवढी हसली नाही. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तिने विचारलं, "लई चांगलं होतं का गं ते घोडं?"

त्याच वर्षी ही आई बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. अंगणात बायकांचा आकांत चाललेला, आणि मंगल खांबाला टेकून कोरड्या डोळ्यांनी बघत उभी. बायकांनी तिला हलवलं, कुणी चिमटे काढले, पण तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही. वडिलांनी सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात मारली. "पुस्तकातल्या घोड्यासाठी रडलीस, अन् आईसाठी न्हाई? कावून न्हाई?" पुस्तकांनी पोरीचं काळीज दगड केलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. तिची शाळा बंद झाली. पुढे वय व्हायच्या आतच तिला गेवराईकडे देऊन टाकली. 'देऊन टाकली' हा शब्द त्यांचाच. दिवाळीला तिला कुणी आणायला गेलं नाही.

त्या दिवशी का रडली नाहीस, हे मी तिला खूप वर्षांनी विचारलं. ती धार काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "घोडं बुडालं तवा वाटलं, पुढच्या भागात येईल परत. तेवढी आस होती म्हणून रडू आलं. आईला पुढचा भाग न्हाई, हे मला कळलंतं. मग कुणाला दाखवायला रडू?"

ती दवाखान्यात असताना एका रद्दीच्या दुकानात मला तो पाचवा भाग मिळाला. कव्हर गेलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. मी धावतच तिच्याकडे नेला. हाडांचा सापळा झालेल्या त्या बाईने पुस्तक छातीशी धरलं आणि मला विचारलं, "घोडं परत येतंय का गं?" मी अजून वाचलं नव्हतं. "मग नकोच वाचू," ती घाईघाईने म्हणाली, "येत नसलं तर... मी आता काय करू?" आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी तिला रडताना पाहिलं. घोड्यासाठी, आईसाठी की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही. तिचा हात धरून बसले. पुस्तक तिने उघडलं नाही. चार दिवसांनी ती गेली.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले होते. पाहुणे पांगल्यावर भानुदासने शेळ्या सोडल्या आणि एकेकीला हाका मारू लागला, "ए उल्का... तमालिका... चल गं अर्कमती..." मी चमकून बघायला लागले, तसा तो ओशाळला.

"तिनंच ठिवलेली नावं, ताई. पिल्लू झालं की पयलं नाव. आमच्यात असली नावं कुणाचीच न्हाईत. मी कवा विचारलं न्हाई. कुणाची हायेत वो ही?"

"तिच्या माहेरची माणसं आहेत," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, आणि मागे राहिलेल्या शेळीला पुन्हा नावाने हाक मारली.