पत्र्यातलं भोक

ठाकुर्लीत आमच्यासमोर राहायला आलेल्या माणसाने लष्करी लिलावातली मोडकी जीप अंगणात आणून ठेवली होती. कुणाशी बोलायचा नाही, दिवसभर गाडीखाली पडलेला असायचा. दारूबंदी नुकतीच आली होती. हा चोरटी दारू नेणार, अशी माझी खात्रीच झाली आणि मी गुपचूप पोलिसांत कळवलं. हवालदाराने सीटं उचकटली, पण काही सापडलं नाही.

हवालदार गेल्यावर मी त्या माणसाला साळसूदपणे विचारलं, "सगळा पत्रा नीट केलात, मग हे एक भोक का ठेवलंत?"

"ब्रह्मदेशात हीच गाडी चालवायचो. गोळी इथून आली, शेजारी बसलेल्या जोडीदाराला लागली." त्याने हात पुसले. "इथे येऊन कुणी पहिल्यांदाच आपुलकीने विचारलं. बरं वाटलं."

मला त्याच्याकडे बघवेना.