अर्ध्याहून जास्त ठळक

एका पानावर किती वाक्यं ठळक केलेली दिसली की तुम्ही ते पान वाचायचं सोडून देता? खरं सांगा. आमच्या घरात हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही, म्हणून तो माझ्यापर्यंत पोचायला फार उशीर झाला.

आमचं घर ठाकुर्लीत. बाबा कारखान्याच्या युनियनमध्ये होते आणि युनियनची उरलेली पत्रकं आमच्या पलंगाखाली असायची. बाराखडी मी शाळेत शिकलो, पण जोडाक्षरं पक्की झाली ती 'संघर्ष', 'विश्वासघात' आणि 'व्यवस्थापन' या शब्दांवर. पत्रक छापायला जाण्याआधी त्याचं प्रूफ आमच्याकडे यायचं. कमिटीतले काका लोक चहा पीत ते वाचायचे आणि जे ठळक छापायचं त्याखाली लाल रेघ मारायचे. प्रत्येकाला वेगळं वाक्य महत्त्वाचं वाटायचं. दुसऱ्याने मारलेली रेघ मात्र खोडायची नाही, तो त्याचा अपमान. त्यामुळे प्रूफ घरभर फिरून बाबांकडे परत येईपर्यंत अख्खं पान लाल झालेलं असायचं आणि पत्रक छापून यायचं ते वरपासून खालपर्यंत ठळक. मला ते फार सुंदर दिसायचं. बारीक अक्षरात लिहितो तो घाबरतो, असं माझं तेव्हापासूनचं मत.

हे मत घेऊन मी गेल्या महिन्यात बाळकुमला गेलो. तिथे एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये माझी ताई राहते. ती एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. पंप कसा सुरू करावा, कसा बंद करावा, असं. मी तिला नेहमी म्हणायचो की तू शब्दांची नोकरी करतेस आणि एकही वाक्य पेटवत नाहीस. ती म्हणायची, "पंपाजवळ काही पेटू नये, असंच असतं रे."

त्या कॉम्प्लेक्सच्या गेटपाशी एक कोळीण मावशी मासे घेऊन बसते. कॉम्प्लेक्स नव्हतं, नुसती वाट होती, तेव्हा तिची सासू तिथे बसायची. काही रहिवाशांनी वासाची तक्रार केलेली आणि तिला तिथून उठवायचं की नाही, हे रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या सभेत ठरणार होतं. मावशी सोसायटीची सभासद नाही, म्हणजे तिला सभेत बोलता येणार नव्हतं. सेक्रेटरींनी ताईला एवढंच कबूल केलेलं की मावशीच्या बाजूचा एक कागद नोटीस बोर्डावर लावू. एकच, आणि दुपारच्या आत.

"तुझा भाऊ लिवतो ना काय काय?" मावशीने ताईला विचारलं. "त्याला सांग, मना लिवून दे."

मी शनिवारी सकाळीच हजर झालो. मावशीच्या पाटीशेजारी उकिडवा बसून तिला प्रश्न विचारले. ती बोंबील साफ करता करता उत्तरं देत होती आणि मधूनच गिऱ्हाइकाला भाव सांगत होती, त्यामुळे माझ्या वहीत एका ठिकाणी शोषणाच्या शेजारी पापलेटचा दर आला.

रविवारी सकाळी ताईच्या लॅपटॉपवर लिहायला बसलो. लिखाण झरझर झालं. मग सजावट. शैली म्हणजे अक्षरांचा आकार, रंग, जाडी एकदम ठरवणारा साचा; त्यांच्या यादीत मी स्वतःची एक शैली तयार केली, तिला 'लढा' असं नाव दिलं आणि ती सगळ्या पत्रकाला लावली. त्या चौकटीत 'आपोआप अपडेट' अशी एक खूण होती. आपोआप म्हणजे श्रम वाचणार, श्रमिकांच्या बाजूचं, म्हणून मी ती करून टाकली. नंतर एक परिच्छेद लाल केला. सगळं पत्रक लाल झालं. तो काळा केला, सगळं काळं. एका परिच्छेदाखाली रेघ मारली तर सगळीकडे रेघा. मी अर्धा तास त्या यंत्राशी वाद घातला. मालकवर्गाने बनवलेलं सॉफ्टवेअर असं मी एकदा मोठ्यानेही म्हणालो.

"मालकवर्गाने खूण केली का रे ती?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

शेवटी मी 'लढा' शैली काढून टाकली आणि जुन्या पद्धतीने, हाताने, एकेक वाक्य निवडून ठळक करत गेलो. अक्षरंही मोठी केली. कुणाची रेघ खोडायची नाही हा नियम होताच, फक्त इथे सगळे काका मीच होतो. मावशीचे तीन परिच्छेद तेवढे राहिले. त्यात नुसती माहिती होती: ती सकाळी किती वाजता येते, किती वाजता पाटी उचलून जाते, कुठे बसते, पाणी कुठून आणते. तिथे पेटवण्यासारखं मला काही सापडेना. तरी तिला बरं वाटावं म्हणून प्रत्येक परिच्छेदात तिचं स्वतःचं एक वाक्य ठळक केलं.

पत्रक चार पानं झालं. आणि बोर्डावर एकच कागद लागणार होता.

ताई हात पुसत आली, स्क्रीन पाहिली आणि चारही पानं शेवटपर्यंत सरकवली. मग म्हणाली, "कॉम्रेड, यातलं साधं कुठलंय?"

"सगळं महत्त्वाचं आहे."

"ते दिसतंच आहे. सरक."

तिने सगळा मजकूर निवडला आणि तिच्या पुस्तिकांसाठी ती वापरते ती एक शैली लावली. एक क्लिक. माझं पत्रक डोळ्यांदेखत बसलं. अक्षरं लहान झाली, ठळकपणा गेला, चार पानांचं सव्वा पान झालं. मला एखाद्या सभेवरचे दिवे घालवल्यासारखं वाटलं.

"ही सेन्सॉरशिप आहे," मी म्हणालो.

"हा या प्रोग्रॅमचा नियम आहे. परिच्छेदाचा थोडा भाग ठळक असेल तर तो समजतो की हे मुद्दाम केलंय, आणि शैली बदलली तरी त्याला हात लावत नाही. अर्ध्याहून जास्त ठळक असेल तर त्याला वाटतं, हा तर परिच्छेदच असा आहे. मग नवीन शैली आली की ते पुसून टाकतो."

"म्हणजे जो जास्त ओरडतो त्याचं काढून घेतो."

"हो. अगदी आईसारखं."

मी अनडू करून सगळं परत आणायला हात पुढे केला आणि थांबलो. त्या सव्वा पानावर तीनच वाक्यं ठळक उरलेली होती. मावशीची.

'मी गेटापाशी आले नाय, गेट माझ्यापाशी आला.'

'पाणी मी माझा आणते, घाण मी माझी नेते.'

'वास येतो बोलता, म्हणून मी अकराला उठते.'

माझं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. 'शोषणाच्या छाताडावर पाय रोवून' हे तर आता इतकं बारीक दिसत होतं की मलाच ते वाचून लाज वाटली. कुणाच्या छाताडावर? वासाची तक्रार करणाऱ्या चौदाव्या मजल्यावरच्या आजोबांच्या?

ताईने विचारलं, "सव्वाचं एक पान करायचंय. काय काढू?"

काय काढायचं ते मला कळलेलं, पण तोंडाने म्हणवेना. दुसऱ्याची रेघ खोडायची नाही हे मला माहीत होतं. स्वतःची कशी खोडतात हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी छाताडाचा परिच्छेद निवडला आणि डिलीट दाबलं. मग विश्वासघाताचा. तिसऱ्याच्या वेळी ताई म्हणाली, "बस कर, एक पान झालं. आता रागाच्या भरात तिचं पण काढशील."

दुपारच्या आत कागद लागला. मी लिफ्टजवळ उगाच रेंगाळत राहिलो, कोण वाचतं ते बघायला. लोक थांबत होते. तीन ठळक वाक्यं वाचायचे, आणि काही जण मग नजर वर नेऊन पहिल्या ओळीपासून वाचायचे. लिफ्ट येऊन निघून गेली तरी एक बाई वाचत उभ्या होत्या. माझं लिहिलेलं कुणी उभं राहून वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्यात माझं असं फारच थोडं होतं.

सभेत मला बोलू दिलं नाही, कारण मीही सभासद नव्हतो. खिशात लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं, आणि आज वाटतं, मावशीचं नशीब चांगलं. तक्रार करणाऱ्यांपैकी एक काका उठून म्हणाले, "ती अकराला उठते असं लिहिलंय. खरंच उठते का?" ताई म्हणाली, "उठते." मग अकरा की साडेदहा यावर वाद सुरू झाला आणि तो बराच चालला. तिला उठवायचंच, असं म्हणणारे दोघे-तिघे होते, पण चर्चा आता वेळेच्या मुद्द्यावर घसरली होती. शेवटी ठरलं की पुढच्या सभेपर्यंत तिने अकरापर्यंत बसावं आणि मग कायमचं ठरवू.

मी गेटावर जाऊन मावशीला सांगितलं. तिने विचारलं, "पुढच्या टायमाला पण मना बोलू देनार नाय?"

"नाही मावशी. सभासदच बोलतात."

"मग माझ्या बाजूनं कोन बोलेल? तुझी ताय एकटी?"

याचं उत्तर सभासदांकडे आहे, म्हणजे बहुतेक तुमच्यासारख्या कुणाकडे. ती पुढची सभा अजून व्हायची आहे. बाळकुमची नसली तरी तुमच्याही सोसायटीची सभा असतेच, आणि तुमच्याही गेटापाशी कुणीतरी बसतंच. त्या माणसाबद्दल ठराव येणार असेल, तर सभेच्या आधी खाली उतरा, त्याचं म्हणणं विचारा, आणि सभेत हात वर करून ते त्याच्याच शब्दांत सांगा. तुमचं स्वतःचं काही त्यात घालू नका.