दिव्यावर पोतं, आकाशात मृग

नगरहून अकोले गाठेपर्यंतच माझी कंबर गेली होती. आठवडाभर ऑफिस, आणि मग कॅमेरा, ट्रायपॉड, बॅटरी, ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणारं ते जड यंत्र, सगळं एसटीत चढवायचं. पन्नाशीत हे वेड झेपत नाही असं बायको म्हणते, आणि ते खोटं नाही. पण भिंगारच्या आमच्या गच्चीवरून शहरातल्या दिव्यांच्या झगमगाटात हल्ली कृत्तिकांचा पुंजकासुद्धा नीट दिसत नाही. म्हणून अमावास्येच्या सुमारास मी भंडारदऱ्याकडच्या एका वाडीत जातो. तिथले एक शेतकरी नवरा-बायको मला त्यांच्या खळ्यावर जागा देतात; त्या बाईंना मी वहिनी म्हणतो.

महाशिवरात्रीच्या आसपास गेलो तेव्हा जीपमधून उतरेतो अंधार पडला होता. खळ्याकडे वळलो आणि थबकलोच. गोठ्याशेजारी उंच खांब, त्यावर पांढराफटक दिवा.

"पंचायतीनं लावला," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "सोलरचा हाय. लई उजेड पडतो."

मी मान डोलावली आणि बॅग न उघडताच ओट्यावर बसलो. परत जायला गाडी नव्हती, असती तरी उठवलं नसतं.

त्यांचा नवरा शेतातून आला. माझ्याकडं बघून त्यानं ओळखलं. "तुमच्या फोटूची पंचाईत झाली म्हना की. घडीभर पोतं बांधू दिव्यावर."

वहिनी हळूच म्हणाल्या, "दिवाळीत बिबट्यानं वासरू नेलं, भाऊ. ह्याच गोठ्यातनं."

"मग राहू द्या, वहिनी."

"मी बसतो की दारात काठी घेऊन," म्हणत तो शिडीवर चढलासुद्धा.

पोतं बांधलं आणि डोक्यावर मृग नक्षत्र लख्ख उभं राहिलं. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या जरा खाली कॅमेरा रोखला. तिथं एक तेजोमेघ आहे. तो नीट टिपायचा तर तासन् तास फोटो घेत राहावे लागतात. पण पाचोळा वाजला की वहिनी "हाड, हाड!" ओरडायच्या, गाय दावं ओढायची, आणि माझं लक्ष आकाशाकडं लागेना.

थोड्या वेळानं वहिनींना स्क्रीनवरचा गुलाबी धूसर डाग दाखवला.

"ह्याच्यापायी एवढ्या लांबनं येता?"

"व्हय."

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या, आणि मान वळवून गोठ्याकडं बघू लागल्या.

मी यंत्र बंद केलं. "काढा ते पोतं," म्हटलं. "आत्ताशी तर सुरुवात हाय," नवरा म्हणाला, पण मी ऐकलं नाही. दिव्याचा उजेड पडला तशा वहिनी उठून चुलीकडं गेल्या. मी भाकरी खाल्ली आणि पायांतले बूटही न काढता आडवा झालो.

घरी येऊन ते थोडेसे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचून एक चित्र केलं. मेघाचा गाभा उमटला, बाजूंना पसरलेले पंख मात्र खरखरीत अंधारात विरून गेले. बायकोनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "धुरकट आलाय."

पुढच्या अमावास्येला गेलो नाही. दुसरी अंधारी जागा शोधायला हवी. डोंगरात आणखी वर एक पठार आहे म्हणतात, तिथं चालत जावं लागतं. अजून कुणाला वाट विचारलेली नाही.