तपासणाऱ्याचा रकाना

आमच्याकडे अमावास्येला नवीन काम सुरू करतात आणि मांजर आडवं गेलं तर त्यालाच बाजूला हो म्हणतात. एवढं सांगितलं की पुढचं ओळखा. मी मेकॅनिकल डिप्लोमावाली बाई, जे मोजता येत नाही ते मी मानत नाही... म्हणजे मानत नव्हते.

नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर राहते. काम जरा जगावेगळं आहे. ऐंशी-नव्वद वर्षं जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांना मी असेंब्ली ड्रॉइंग काढून देते — गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, कुठला भाग कुठल्या बाजूला, कुणाच्या आधी बसतो ते सगळं. या गाड्यांची पुस्तकं मिळत नाहीत, मग मिस्त्री माझ्या कागदावरूनच गाडी बांधतात.

हे शिकवलं अण्णांनी, माझ्या वडिलांनी. ते कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांचा नियम — ज्याने काढलं त्याने तपासायचं नाही. कागदाच्या कोपऱ्यात दोन रकाने असतात, काढणाऱ्याचा आणि तपासणाऱ्याचा. पहिल्यात माझी सही, दुसऱ्यात त्यांची. चूक दिसली की लाल पेन्सिलीने गोल करायचे, पण काय चुकलंय ते मेले तरी सांगायचे नाहीत. "शोध," एवढंच म्हणायचे.

अण्णा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून दोन्ही रकान्यांत मीच सही करायचे. दुसरं होतं कोण?

गेल्या मे महिन्यात पळस्प्याच्या बाळारामशेठचं काम आलं. जमीन सरकारी प्रकल्पात जाऊन पैसा आल्यावर शेठना जुन्या गाड्यांचा नाद लागलाय. मागचा अ‍ॅक्सल सुटा करून सगळं डब्यांत भरलेलं होतं. गॅरेजमध्ये जाऊन मी एकेक भाग हातात घेऊन मोजला. फक्त क्राऊन व्हील, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारं ताटाएवढं दातेरी चाक, ते कुठल्या बाजूला बसतं हे मिस्त्रीने उघडताना काढलेल्या मोबाइलच्या फोटोवरून घेतलं. उकाडा जीव खात होता, म्हटलं फोटो आहे की. ड्रॉइंग पुरं केलं, दोन सह्या ठोकल्या आणि शेठना व्हॉट्सअ‍ॅप केलं.

आठवड्याने एका दुपारी टेबलावरच्या मूळ कागदाकडे लक्ष गेलं. क्राऊन व्हीलभोवती लाल गोल.

घरात मी एकटी. नवरा ऑफिसला, दाराला आतून कडी. वाटलं, मीच केला असेल, हल्ली डोकं ठिकाणावर नसतं. खोडला. ड्रॉइंग फोटोशी ताडून पाहिलं, तंतोतंत तसंच होतं. चहा करून आणला... तर गोल पुन्हा तिथेच. वर उजवीकडे तोंड न जुळलेला. अण्णांचा गोल कधीच जुळायचा नाही.

ड्रॉवर उघडला. त्यांची लाल पेन्सिल ते गेल्यापासून बोथट पडली होती, मी हातही लावला नव्हता. आता तिला ब्लेडने टोक काढलेलं होतं, त्यांच्या पद्धतीचं, लांब आणि चपटं. सालपटं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर गोळा करून ठेवलेली.

घाबरले, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त राग आला. मोठ्याने म्हटलं, "अण्णा, काय चुकलंय ते एकदा तरी सांगा ना." पंखा फिरत होता, खाली भाजीवाला ओरडत होता, बस्स. मी पुन्हा खोडलं आणि कागदावर डोळे रोखून बसले. फोन वाजला म्हणून मान वळवली, तेवढीच. गोल परत आला होता. या वेळी इतका दाबून की कागद फाटला होता.

फोन शेठचा होता. "ताई, तुमच्या कागदावरून सगलं बसवलं. नारळ आनलाय, आता गाडी भायेर काढतो. आमचे बाबा पन हायत."

"बाबा कुठे बसलेत?"

"मागं, खाटेवर. त्यांची नेहमीची जागा हाय ती. गाडीचं तोंड रस्त्याला हाय, मागं काय भीती नाय."

माझी नजर त्या फाटलेल्या गोलावर होती. या जातीच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राऊन व्हील चुकून उलट बाजूलाही बसतं, वरून काही कळत नाही. मग पहिला गिअर टाकला की गाडी पुढे जायची ती मागे सुटते.

"शेठ, आधी बाबांना तिथून उठवा. मागची चाकं जॅकवर घ्या, जमिनीला लागू देऊ नका. मगच गिअर टाका."

"आमचं काय चुकलं का?"

"तुमचं नाही."

फोन तसाच कानाला धरून बसले. इंजिनाचा आवाज आला. शेठ हळूच म्हणाले, "ताई... चाकं उलटी फिरतात."

नंतर उलगडा झाला. मिस्त्री गाडीखाली उताणा पडलेला, मोबाइल अ‍ॅक्सलच्या पलीकडे धरल्यावर स्क्रीन दिसेना म्हणून त्याने सेल्फीच्या कॅमेऱ्याने फोटो काढला होता. त्याच्या मोबाइलमध्ये तो आरशासारखा येतो, डाव्याचं उजवं. त्या बिचाऱ्याला काय बोलणार? स्वतः बसवून न पाहिलेली गोष्ट मी कागदावर मांडली, आणि तपासलीही मीच. चूक माझी.

त्याच संध्याकाळी नवीन ड्रॉइंग काढलं. पहिल्या रकान्यात सही केली, दुसरा कोरा सोडला. शेजारी लाल पेन्सिल ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. अर्ध्या तासाने आले तर कागद स्वच्छ होता. पेन्सिल मात्र ड्रॉवरमध्ये, तिच्या खाचेत. काम संपलं की अण्णा ती तिथेच ठेवायचे. मग मला रडूच आलं.

नवरा म्हणतो, सगळं तूच केलंस, तुला आठवत नाही. असेलही. पण ब्लेडने पेन्सिल तासायला मला आजही जमत नाही. कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा.

आता दुसरा रकाना मी कोराच ठेवते आणि प्रत्येक ड्रॉइंग एक दुपार टेबलावर राहू देते. गोल पुन्हा आलेला नाही. कधी कधी वाटतं, एखादी चूक मुद्दाम करून बघावी. फार वाटतं. पण करत नाही, त्या कागदावरून कुणीतरी गाडी बांधणार असतं.